आप्पांच्या गाडीतली धूळ

१८ मार्च २०१३, सोमवार

दूध संघात पस्तीस वर्षं जीप चालवली आणि पस्तीस वर्षं लॉगबुक लिहिलं. निघालो कधी, पोचलो कधी, मीटर किती, खाली सही. कशासाठी गेलो, कोण भेटलं, काय बोलणं झालं याला त्यात रकाना नव्हता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आज पुन्हा गाडी हातात आली, पण या गाडीला लॉगबुक नाही. संध्याकाळी हात शिवशिवायला लागला, म्हणून नातवाची अर्धी कोरी वही काढून बसलो आहे.

गाडी आप्पांची. म्हणजे सुंदरराव आप्पा, आमच्या दूध संघाचे पहिले चेअरमन. वय चौऱ्याऐंशी. तसं बघितलं तर गाडी त्यांच्या मुलाची, राधाकिशनची. त्यानं पुण्यात नवी घेतली आणि पाच वर्षं वापरलेली ही पांढरी गाडी वडिलांसाठी आष्टीला पाठवून दिली. डिझेल, एसी, काचा बटणावर. आप्पांचा ड्रायव्हर मागच्या आठवड्यात रांजणगावला कंपनीत लागला. आप्पांनी निरोप धाडला, "म्हाळूला बोलवा. दुसरं कुणी नगं."

केसरला, म्हणजे माझ्या बायकोला, हे आधीच माहीत होतं. ती वीस वर्षं आप्पांच्या घरी स्वयंपाक करते. म्हणाली, "जावा. घरात बसून माझ्या भाकरीला नावं ठेवण्यापरीस बरं हाय."

काम एवढंच. सकाळी नऊला आप्पांना छावणीवर न्यायचं, बाराला परत आणायचं. यंदाच्या दुष्काळात जनावरांची ही छावणी आमच्याच संघानं उघडली आहे, कड्याच्या रस्त्याला, माळावर. अकरा किलोमीटर. आठशेच्या वर जनावरं आहेत.

२० मार्च, बुधवार

सकाळी लवकर जाऊन बॉनेट उघडलं. एअर फिल्टर कुठं आहे तेच सापडेना. शेवटी एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात निघाला. आत नुसता कागद, लुगड्याच्या निऱ्या घातल्यासारखा. कोरडा ठाक. तेलाचा थेंब नाही. असला फिल्टर धूळ काय धरणार?

तसाच घेऊन ओट्यावर गेलो. आप्पा सकाळी तिथंच खुर्ची टाकून चहा घेतात. त्यांच्या शेजारीच ओट्याच्या कडेवर चार दणके दिले. अशी माती निघाली की घटकाभर आप्पा दिसेनात. दोघंही हसलो.

आप्पा म्हणाले, "काडी आण बे."

हे काय ते आमच्या दोघांशिवाय आता कुणाला कळणार नाही, म्हणून लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात संघाच्या जीपला एअर क्लीनरच्या खाली तेलाची वाटी असायची. हवा तेलावरून जायची, धूळ तेलात बुडायची. असल्या धुळीत वाटी रोज खोलावी लागे. मी ती आप्पांसमोर खोलायचो. आप्पा आगपेटीची काडी गाळात उभी घालायचे. अर्धी बुडाली तर म्हणायचे, "काल झोपलो होतो का काय बे आपण?" सगळी बुडाली की खूश. मग वाटी रॉकेलनं धुवायची, नवं तेल भरायचं आणि निघायचं.

लोक खडी फोडायला जात होते, जनावरं मिळेल त्या बाजाराला चालली होती, आणि आप्पा गावोगाव सांगत हिंडत होते की एक तरी म्हैस ठेवा, दूध आमी नेतो. एका दिवशी अकरा गावं केली. दुसऱ्या सकाळी काडी गुलासकट बुडाली आणि आप्पांचं बोट तेलात गेलं. ते बोट त्यांनी धोतराला पुसलं नाही. घरात जाऊन बायकोला, आमच्या काकूंना, दाखवलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

आजच्या फिल्टरला वाटी नाही. मग ओट्यावरच्या मातीच्या ढिगात काडी उभी केली. पाव काडी. आप्पा म्हणाले, "जमंल हळूहळू."

आता फिल्टर रोज ओट्यावर आणायचा ठरला.

२५ मार्च, सोमवार

आप्पांना खोकला लागला आहे. कोरडा. सकाळी चहाच्या वेळी सुरू होतो, गाडीत वाढतो, छावणीत खुर्चीवर बसले की जरा उतरतो. परतीच्या वाटेवर पुन्हा येतो. मला वाटतं पहाटेचा गारवा बाधत असावा. उन्हाळ्यात पहाटे हवा फसवी असते.

गाडीत मी काळजी घेतो. काचा बंद, एसी चालू. डॅशबोर्डवर एक बटण आहे, त्यावर बाहेरून आत वळणारा बाण काढला आहे. ते दाबून ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला ताजी हवा पाहिजे.

केसर संध्याकाळी चिडली होती. "अवो, टँकरचं पाणी हंड्यानं मोजून मिळतंय, त्यात मी ओटा पुसते आन तुमी त्यावर येऊन माती पाडता. तो कागद रस्त्यावर कावून आपटत न्हाई?"

म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय."

"मला न्हाई कळत. माझा खोकला तरी कधी तुमाला ऐकू आला का? आप्पांचा बरा ऐकू येतो."

राधाकिशनचा फोन आला होता. परवा आप्पांना नगरला दाखवून आणलं, तिथल्या डॉक्टरांनी धुळीचा खोकला सांगितला, तोंडात मारायचा पंप दिला. राधाकिशन म्हणाला, "म्हाळूकाका, मी अक्षय तृतीयेला येतोय. तोवर थांबला नाही तर आप्पांना पुण्याला आणणार. तिथं निदान धूळ तरी नाही."

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पुण्यात मी कुणाचा आप्पा रे?"

म्हणजे माझ्याकडं दीड महिना आहे.

३० मार्च, शनिवार

धुळीचा खोकला म्हणजे गाडीतली धूळ कमी झाली पाहिजे. म्हणून फिल्टरवर जास्त मेहनत घेतो आहे. रोज आपटणं तर आहेच, शिवाय एक दिवसाआड पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणतो. आज डोकं चालवलं. कोरडा कागद धूळ धरत नाही, धरतं ते तेल. इंजिन ऑइलचा हात सगळ्या निऱ्यांवरून हलका फिरवला. आप्पांना दाखवला.

"आत्ता कसा फिल्टर दिसतोय," ते म्हणाले आणि उपरण्यात तोंड धरून खोकले.

आज अर्धी काडी माती निघाली.

४ एप्रिल, गुरुवार

छावणीवर आप्पांना फार मान आहे. गेल्या गेल्या लिंबाखाली खुर्ची येते. कारकून एक वही आणतो, आप्पा चष्मा लावून पानापानावर सही करतात. आज वही माझ्या हातात आली तेव्हा दिसलं, ती मागच्या सालची होती. चुकून दिली असणार. नव्या माणसांचं कामात लक्ष नसतं. उद्या सांगितलं पाहिजे.

चंद्रभागाबाई भेटली. दोन म्हशी आणि एक गाय घेऊन ती दोन महिने छावणीतच राहते आहे, पाचटाच्या खोपीत. आमच्या संघाला पहिल्या दिवशी दूध घातलं त्या नऊ जणांत ती होती. तेव्हा नुकतं लग्न होऊन आलेली.

आप्पांना म्हणाली, "काळ्याकाळ्या काचा लावून येता, मला वाटलं तहसीलदार आला. खोपीत पळाले होते मी."

आप्पा म्हणाले, "तहसीलदाराला भिऊन पळणारी तू? बहात्तर साली संघाच्या जीपपुढं आडवी कोण झोपली होती?"

"मंग काय करू! म्हशीचं दूध पातळ म्हणला तुमचा दूध तपासणारा मास्तर. आन हा म्हाळ्या बसला होता आत, हॉर्न वाजवत."

"हॉर्न मी न्हाई, आप्पांनी वाजवला," मी म्हटलं.

"तुमी दोघं एकच." तिनं उसाचं वाढं मोडून म्हशीपुढं टाकलं. "जीपमधी होते तवा आप्पा वाटंत थांबत होते. आता नुसती पांढरी गाडी जाती. माणूस आत हाय का न्हाई, ते बी दिसत न्हाई."

परतताना आप्पा म्हणाले, "काच खाली घे बे जरा." मी घेतली नाही. धूळ किती होती.

११ एप्रिल, गुरुवार. पाडवा

केसरनं आप्पांच्या दारात गुढी उभारली. आप्पांनी तरीही छावणीवर जायचं म्हटलं. सणाला गोठ्यात गेलंच पाहिजे म्हणाले.

वाटेत खोकल्याची उबळ आली. गाडी बाजूला घेतली, दार उघडून त्यांना खाली उतरवलं, बाभळीखाली दगडावर बसवलं. पाच मिनिटांत बरं वाटलं. पुन्हा गाडीत बसवलं आणि फर्लांगभर गेलो नाही तोच पुन्हा सुरू. एसी वाढवला. त्यानं आणखी वाढला.

गाडीही नीट चालेना. चढावर दम धरत नाही, मागं काळा धूर सोडते. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा चार दिवसांपासून जळतो आहे. सीटचा पट्टा लावला, काढला, तरी जात नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं बरं काही नव्हतं. नगरला दोनदा जाऊन आलो. डॉक्टरांनी आप्पांचा पंप बदलला. आप्पा दिवसेंदिवस उतरत चालले आहेत, पण सकाळी ओट्यावर माझी वाट बघत बसलेले असतात. खुर्ची जिथं होती तिथंच. मी फिल्टर आणला की उपरणं नाकाला लावतात आणि काडी पुढं करतात. कालच्या मातीत पाऊण काडी गेली. "अकरा गावांचा रेकॉर्ड मोडायचा का बे?" म्हणाले.

माणूस आजारात असा खेळकर राहतो हे मोठंच आहे.

३ मे, शुक्रवार

आज मोठी गोष्ट कळली. कशी लिहू ते समजत नाही. सगळं क्रमानं लिहितो.

छावणीच्या चढावर गाडी बंद पडली. आप्पांना संघाच्या दुधाच्या टेम्पोतून घरी पाठवलं आणि गाडी ओढत आष्टीला गुरुपादच्या गॅरेजवर नेली. गुरुपाद चाळिशीचा असेल. त्याचे वडील गुरुलिंग आमच्या जीपचं काम करायचे. म्हणून मला तो मामा म्हणतो.

त्यानं काळा डबा उघडला, फिल्टर काढला, आणि दोन बोटांत उंदीर धरावा तसा धरला.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"तेल. पापडाला लावावं तसं लावलंय की."

मी म्हटलं, "कोरडा कागद धूळ कसा धरंल? आपल्या जीपला..."

"मामा, जीपला जाळी होती आन वाटी होती. हा कागद हाय. ह्याला तेल लावलं की गाडीचं नाक बंद." मग त्यानं तो उजेडासमोर धरला. निऱ्यांच्या मध्ये तीन ठिकाणी उजेडाच्या रेघा दिसल्या. "आन हे बघा. फाटलाय. आपटता का?"

"रोज."

"रोज?" त्यानं फिल्टर खाली ठेवला. "अवो, धुळीच्या रस्त्यावर बी हा दहा-पंधरा हजार किलोमीटर जातो. मधी पाच हजारावर नुसता काढून बघायचा. उजेड सारखा दिसला की गप परत बसवायचा. जेवढा जास्त साफ कराल तेवढा लवकर मरतो. थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा चांगला गाळतो. तुमी हवा मारून मारून भोकं पाडलीत. आता माती इंजिनात गेली असंल, ते बघावं लागंल."

मग त्यानं विचारलं, "आन दुसरा कधी बदलला?"

"दुसरा कुठला?"

तो डाव्या बाजूचं दार उघडून खाली बसला. समोरच्या कप्प्यातून आप्पांचा अडकित्ता, गोळ्यांची पाकिटं, एक रुमाल असं सगळं काढून माझ्या हातात दिलं. कप्पाच खाली ओढून काढला. मागं एक चपटं झाकण होतं. त्यामागून त्यानं एक काळी वस्तू ओढली. जुन्या गोधडीचा तुकडा वाटला. त्यात वाढ्याचे तुकडे होते, लिंबाचा पाला होता, एक पीस होतं, आणि वास सगळा छावणीचा. शेण, माती, मूत. गुरुपादनं तो फरशीवर ठेवला तर त्याचा धुरळा उडाला. आम्ही दोघंही मागं सरकलो.

"हा केबिनचा. एसीची हवा यातनं येती. पहिला इंजिनसाठी, हा माणसासाठी. वर्षाला बदलायचा. छावणीला रोज जाणारी गाडी असंल तर दोन-तीन महिन्यांनी. ह्याला गाडी घेतल्यापासून कुणी हात लावलेला दिसत न्हाई."

मला जीपमध्ये असला फिल्टर कधी माहीत नव्हता. जीपला काचाच नव्हत्या.

मी बाणाचं बटण दाखवलं. तो म्हणाला, "हे दाबून ठेवलं की बाहेरची हवा ह्यातनं थेट तोंडावर. छावणीत हे बंद ठेवायचं, आतलीच हवा फिरवायची."

मी अडकित्ता हातात घेऊन उभा होतो. गुरुपादनं हात पुसत विचारलं, "मामा, तुमी फिल्टर आपटता कुठं?"

"आप्पांच्या ओट्यावर."

"आन आप्पा सकाळी कुठं बसतात?"

मी सांगितलं नाही. त्याला माहीत आहे. सगळ्या आष्टीला माहीत आहे.

५ मे, रविवार

दोन्ही फिल्टर नवे बसवले. केबिनचा आष्टीत मिळाला नाही, गुरुपादनं नगरहून मागवला. इंजिन चालतंय, पण ऑइल खातंय म्हणाला. आतमध्ये घासलं गेलं आहे.

सकाळी मी हात हलवत ओट्यावर गेलो. आप्पांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"फिल्टर?"

"आता उघडायचा न्हाई, आप्पा. पाच हजार किलोमीटरवर."

"मंग सकाळी काय करायचं?"

ते काडी बोटांत फिरवत बसले, मग दात कोरायला घेतली.

गाडीत एकदाच खोकले.

९ मे, गुरुवार

चार दिवस झाले. आप्पांचा खोकला जवळजवळ गेला. चेहऱ्यावर रंग आला आहे. आज छावणीत त्यांनी चंद्रभागाबाईशी अर्धा तास भांडण केलं, ती म्हणते तिची म्हैस गाभण आहे, आप्पा म्हणतात नाही.

सगळे म्हणतात पंप लागू पडला. मी कुणाला काही सांगितलं नाही.

केसरला मात्र सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "मला धुळीचं वाटलंच होतं. मी आप्पांना धा वेळा म्हणले, खुर्ची आत घेते, ह्यांचं आपटून होऊ द्या. तर नगं म्हणले. नाकाला उपरणं लावून बसले, पण हलले न्हाईत."

"कावून?"

केसरनं तवा उतरवला आणि म्हणाली, "जेवा."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो, दुसरं काय.

११ मे, शनिवार

राधाकिशन आला. वडिलांना बरं बघून त्याला आनंद झाला. पण त्याचा बेत बदललेला नाही. दुपारी मला आणि केसरला बैठकीत बसवून सांगितलं.

"काका, पंपानं आत्ता दाबलंय. पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हीच धूळ, पुन्हा हीच छावणी. आता तब्येत बरी आहे तोवर प्रवास झेपेल. परवा सणाचं जेवण करून निघू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही दोघंही चला. सोसायटीत खालची खोली आहे. गाडी तुम्हीच चालवा, केसरकाकूंच्या हातचं आप्पांना लागतंच. तुमचा मुलगा चाकणला, नातू दर रविवारी भेटेल."

केसरच्या तोंडावर नातवाचं नाव ऐकून काय उमटलं ते मी बघितलं.

आप्पा ओट्यावर होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. राधाकिशनपुढं ते हल्ली बोलत नाहीत.

घरी आल्यावर हिशेब सरळ दिसला. मी गप्प बसलो तर गाडी माझी, आप्पा माझे, नातू शेजारी. फक्त आप्पांची आष्टी जाणार. आणि मी खरं सांगितलं तर आप्पा राहतील, पण गाडीची किल्ली माझ्याकडं राहणार नाही. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक अपघात झाला नाही, हे मी सगळ्यांना सांगत आलो. ते सांगणंही जाणार.

केसरला विचारलं. ती गवार मोडत होती.

"मला इचारू नका. नातवाचा मोह माझ्या तोंडून बोलंल." थोड्या वेळानं म्हणाली, "पुण्यात राधाकिशनच्या चौथ्या मजल्यावर आप्पा कुणाला शिव्या देतील?"

१२ मे, रविवार

सकाळी राधाकिशनला गाडीजवळ नेलं आणि सांगितलं. ओट्यावर आपटणं, हवा मारणं, तेल लावणं, सगळं. केबिनचा जुना फिल्टर गुरुपादकडून पिशवीत आणला होता, तो दाखवला. "धूळ आष्टीची न्हाई," म्हणालो. "मी रोज सकाळी आप्पांच्या नाकाशी नेऊन झटकत होतो. आन उरलेली ह्यातनं. दोन्ही थांबल्यावर खोकला थांबला. पंप तर महिनाभर चालूच होता."

राधाकिशन पिशवीत बघत राहिला. मग म्हणाला, "हा तर माझ्यापासूनचा आहे. पुण्यात सर्व्हिसिंगला दरवेळी विचारायचे, केबिन फिल्टर बदलायचा का. मी म्हणायचो राहू द्या, गाडी छान चालतेय." त्यानं पिशवीचं तोंड बंद केलं. "म्हणजे मीही."

त्यानं नगरच्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलला. मग ओट्यावर जाऊन वडिलांसमोर पायरीवर बसला.

"आप्पा, तुम्हाला कळत नव्हतं का, म्हाळूकाका आपटायला लागले की खोकला येतो?"

आप्पा म्हणाले, "म्हाताऱ्याला कशानं बी खोकला येतो."

"खुर्ची सरकवायची."

"कुठं? मंग काडी कुणी धरायची?" आप्पा म्हणाले.



दुपारी त्यानं मला बाजूला घेतलं. "आप्पा इथंच राहतील. दर महिन्याला नगरला दाखवायचं." मी हात जोडले. तो म्हणाला, "थांबा काका. गाडी तुम्ही चालवू नका. इंजिनचं जाऊ द्या, ते दुरुस्त होईल. पण उद्या ब्रेकला तुम्ही जीपचं काहीतरी केलंत तर? गाडीत आप्पा असतील."

मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. किल्ली काढून दिली. गाडीत माझं एक फडकं होतं, ते घेतलं.

१३ मे, सोमवार. अक्षय तृतीया

केसरनं आप्पांच्या घरी पुरणपोळी आणि आमरस केला. मी गेलो नाही. पोट बरं नाही असा निरोप दिला.

केसरनं डबा आणला. म्हणाली, आप्पांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि राधाकिशनला सगळ्यांसमोर शिवी दिली. मी विचारलं, कोणती. तिनं सांगितली. बरी होती. पुष्कळ वर्षांत ऐकली नव्हती.

१६ मे, गुरुवार

राधाकिशन परवा पुण्याला गेला. नवा ड्रायव्हर लागला, सुग्रीव. नांदूरघाटचा आहे, शहाणा वाटतो, ट्रॅव्हल्सवर होता. काल गाडी आमच्या दारावरून गेली, काचा बंद. मी दारात उभा होतो.

आज नऊला पुन्हा आली, आणि थांबली. मागची काच खाली गेली.

"बस," आप्पा म्हणाले.

मी पुढं जाऊन डाव्या बाजूचं दार उघडलं.

"तिथं कावून? इकडं ये."

मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसलो. अंग चोरून. सुग्रीवनं गाडी काढली. चांगला चालवतो, क्लच मऊ सोडतो. गुडघ्यावर ठेवलेले हात मला परक्याचे वाटत होते.

चाळीस वर्षं आप्पांचा चेहरा मी एका बाजूनंच बघितला, एक डोळा रस्त्यावर ठेवून. आज तोंड वळवून सरळ बघितला. गाल आत गेले आहेत, कानावर पांढरे केस आहेत. आप्पा लई म्हातारे झालेत. हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नाही.

"काय बघतो बे?"

"काय न्हाई."

"मी बी बघतोय. केस कुठं गेले बे तुझे? लई म्हातारा झालास की."

वस्तीच्या तोंडाशी गतिरोधक आला. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, ब्रेक असावा तसा, गाडीच्या रिकाम्या तळावर. आप्पांनी ते बघितलं आणि हसायला लागले. मोठ्यानं, मांडीवर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सुग्रीव आरशातून बघायला लागला.

मी आप्पांच्या छातीकडं बघत होतो. हसून हसून थांबले, लांब श्वास घेतला, सोडला. खोकला आला नाही.